स्वतःचा गिट सर्व्हर कमांड लाइनवरून: डिमन बंद करा, एसएसएच पुरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांची टीम, एक जुनं पण धडधाकट लिनक्स मशीन, ब्राउझरमधलं पॅनल-बिनल काही नको, सगळं कमांड लाइनवरून हवंय. गिट डिमन (मागे सतत चालून नेटवर्कवर रिपॉझिटरी देणारा गिटचा प्रोग्राम) चालवला, क्लोन मस्त होतं, पुश केलं की सर्व्हर नाही म्हणतो. मग कुठेतरी वाचलं की डिमनला रिसीव्ह-पॅक, म्हणजे पुश स्वीकारणारा भाग, एनेबल केलं की पुश चालू होतं, दोन दिवस तसं करून बघितलं, चाललं पण, आता शंका येतेय की हे बरोबर आहे का. शिवाय एक जुनी सबव्हर्जनची (कोडचा इतिहास ठेवणारा गिटसारखाच, पण वेगळा प्रोग्राम) रिपॉझिटरी आहे, तीही याच मशीनवर जिवंत ठेवायचीय.

बरोबर नाहीये. आणि हे सगळं वाचून झाल्यावर नाही, आधी तो डिमन बंद करा आणि मग पुढे वाचा.

गिट डिमन ९४१८ पोर्टवर ऐकतो आणि त्याच्यात ओळख तपासणं हा प्रकारच नाहीये. कमकुवत आहे असं नाही म्हणत मी, नाहीच आहे. पासवर्ड नाही, की (किल्ली) नाही, काही नाही. तो बनवला होता लोकांना कोड वाचायला देण्यासाठी, म्हणून पुश बाय डीफॉल्ट बंद असतं, आणि म्हणूनच तुम्हाला सुरुवातीला नकार मिळत होता, म्हणजे तो बिचारा त्याचं काम नीट करत होता. रिसीव्ह-पॅक चालू केलं की त्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही पुश करू शकतो, फोर्स पुश (आधीचा इतिहास पुसून वर आपला लिहिणं) करू शकतो, ब्रँच उडवू शकतो. "आमचं आतलं नेटवर्क आहे" हे मी खूप वेळा ऐकलंय, पण आतल्या नेटवर्कवर तुमच्या सहा जणांशिवाय अजून काय काय जोडलेलं आहे त्याची यादी एकदा करून बघा. वर सगळा डेटा वायरवरून उघडा जातो. गिटहबने तर २०२२ मध्ये नुसतं वाचायला सुद्धा हा विनाएन्क्रिप्शनचा रस्ता बंद करून टाकला.

(मी कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरात टाइप करायच्या.)

आता मुळात एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं होतं. गिट सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्राम चालवावाच लागतो असं काही नाही. तुम्ही एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर एन्क्रिप्शनसकट लॉगिन करायचा रस्ता) पत्त्यावर गिट पुश मारता तेव्हा तुमच्या मशीनवरचं गिट एसएसएच उघडतं, पलीकडे गिट-रिसीव्ह-पॅक नावाची कमांड रिपॉझिटरीच्या पाथसकट चालवतं, आणि मग हे दोन प्रोग्राम त्या नळीतून एकमेकांशी बोलतात. काम झालं की पलीकडचा प्रोग्राम मरतो. फेच किंवा क्लोन केलं की पलीकडे गिट-अपलोड-पॅक चालतं, आणि इथे नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण मी तर डाउनलोड करतोय मग अपलोड कसलं, तर ही नावं सर्व्हरच्या बाजूने ठेवलेली आहेत. म्हणजे सतत जागी राहणारी एकच प्रोसेस लागते, एसएसएचडी, आणि ती तुमच्या मशीनवर आधीपासून चालू आहे. उरतं काय, तर एक फोल्डर, त्या फोल्डरचा मालक कोण, आत कोण येऊ शकतं, आणि मशीन मेलं तर कॉपी कुठे आहे. इतक्या वर्षांत मला आलेली जवळजवळ प्रत्येक भानगड या चारपैकी एकात मोडते, गिटच्या आतल्या गणितात फार क्वचित.

तर आधी मालक. गिट नावाचा एक वेगळा यूजर बनवा आणि त्याचं शेल गिट-शेल ठेवा. डेबियन किंवा उबुंटूवर साधारण असं:

सुडो अ‍ॅडयूजर --सिस्टम --ग्रुप --होम /एसआरव्ही/गिट --शेल /यूएसआर/बिन/गिट-शेल गिट

गिट-शेलचा पाथ आधी व्हिच मारून बघा, सगळीकडे सारखा असेलच असं नाही. या शेलचा फायदा असा की या खात्यावरून पुश, फेच आणि आर्काइव्ह सोडून दुसरं काही करता येत नाही. कोणी नुसतं एसएसएच गिट-अ‍ॅट-सर्व्हर केलं तर "इंटरॅक्टिव्ह गिट शेल इज नॉट एनेबल्ड" असं म्हणून ते बाहेर काढतं. हा मेसेज बघून लोक घाबरतात आणि विचारतात की सर्व्हर बिघडला का. अहो हीच तर खूण आहे की लॉगिन बरोबर झालं आणि दार नीट लावलेलं आहे.

मग प्रत्येकाची पब्लिक की या गिट यूजरच्या डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये, एका ओळीवर एक. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट हा शब्द लिहा आणि मग की. ओपनएसएसएच ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून, हा एकच शब्द पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, टर्मिनल सगळं एकदम बंद करतो. हे का लागतं, तर गिट-शेल कमांड अडवतं पण पोर्ट फॉरवर्डिंग अडवत नाही, ते एसएसएचडीच्या पातळीवर होतं. म्हणजे नुसतं गिट-शेल लावलं तर ज्याला फक्त कोड द्यायचा होता तो माणूस तुमच्या मशीनमधून बोगदा काढून आतल्या डेटाबेसपर्यंत पोचू शकतो. कीच्या शेवटी कमेंट असते तिथे माणसाचं आणि लॅपटॉपचं नाव लिहा, कोणी सोडून गेलं की कुठली ओळ काढायची ते शोधत बसावं लागत नाही.

इथे घोडं अडतं ते परमिशनवर. होम फोल्डर किंवा डॉट-एसएसएच फोल्डर ग्रुपला लिहिता येण्यासारखं असेल तर एसएसएचडी ती की सरळ दुर्लक्षित करतो, क्लायंटला काही कारण सांगत नाही, नुसता पासवर्ड मागतो किंवा परमिशन डिनाइड म्हणतो. मग माणूस बसतो पाच वेळा की परत बनवत. की ला काही झालेलं नसतं. क्लायंटवर डोकं फोडू नका, सर्व्हरवर जर्नलसीटीएल मध्ये एसएसएचचा लॉग बघा, तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं की "बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी". होम ७५५, डॉट-एसएसएच ७००, फाइल ६००, मालक गिट, संपलं.

आता रिपॉझिटरी. समजा प्रोजेक्टचं नाव हिशोब:

सुडो -यू गिट गिट इनिट --बेअर -बी मेन /एसआरव्ही/गिट/हिशोब.गिट

बेअर म्हणजे आत चेकआउट केलेल्या फाइली नसलेली, नुसता इतिहास. साध्या रिपॉझिटरीत पुश का करू नये, तर तिथे कोणीतरी एक ब्रँच उघडून बसलेलं असतं आणि तुमच्या पुशने त्याच्या पायाखालची जमीन सरकते. गिट १.७.० पासून चेकआउट असलेल्या ब्रँचवर पुश बाय डीफॉल्ट नाकारलंच जातं, तेव्हा तो मेसेज आला की सेटिंग ढिली करू नका, बेअर बनवा.

त्या -बी मेन ला हलकं घेऊ नका. हा पर्याय २.२८ मध्ये आला, २०२० साली. तो नाही दिला आणि सर्व्हरवरचं गिट जुन्या सवयीने हेड (क्लोन केल्यावर कुठली ब्रँच उघडायची ते सांगणारी खूण) मास्टरकडे करून बसलं, आणि तुम्ही सगळे मेन पुश करताय, तर पुश व्यवस्थित होतं, कोणाला काही कळत नाही. मग सातवा माणूस जॉइन होतो, क्लोन मारतो, आणि त्याला मिळतं रिकामं फोल्डर आणि एक वॉर्निंग की रिमोट हेड अशा ब्रँचकडे बोट दाखवतोय जी अस्तित्वातच नाही. तो म्हणतो कोड गेला, सगळ्यांच्या काळजाचं पाणी होतं. कोड कुठेही गेलेला नसतो. सर्व्हरवर रिपॉझिटरीत जाऊन गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन, एक ओळ, झालं.

क्लायंटवर रिमोट जोडताना गिट-अ‍ॅट-सर्व्हर कोलन हिशोब.गिट असं लिहिलं तर तो पाथ गिट यूजरच्या होमपासून मोजला जातो, आणि होम आपण /एसआरव्ही/गिट ठेवलंय म्हणून लांबलचक पाथ लिहावा लागत नाही. एसएसएच वेगळ्या पोर्टवर असेल तर मात्र हा छोटा प्रकार चालत नाही, कारण कोलनच्या पुढचं सगळं तो पाथ समजतो, मग एसएसएच:// ने सुरू होणारा पूर्ण पत्ता पोर्टसकट द्या, नाहीतर प्रत्येकाच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये पोर्ट लिहून टाका, मला दुसरं जास्त आवडतं. जोडलं की लगेच पुश करू नका, आधी गिट एलएस-रिमोट मारा. काही एरर न येता रिकामं परत आलं तर रस्ता मोकळा आहे.

बऱ्याच ठिकाणी तुम्हाला --शेअर्ड=ग्रुप द्या असं वाचायला मिळेल. ते लागतं प्रत्येकाचं सर्व्हरवर स्वतःचं खातं असेल तेव्हा, मग ग्रुप, फोल्डरवर सेटजीआयडी बिट, हे सगळं सांभाळत बसावं लागतं. एकच गिट यूजर असेल तर हा सगळा ताप नाही, प्रत्येक फाइलचा मालक एकच. तोटा एक आहे, कोणी पुश केलं हे गिटला कळत नाही, कमिटवरचं नाव तर ज्याचं त्याने स्वतःच लिहिलेलं असतं, मी तुमचं नाव लिहून पण कमिट करू शकतो. पण एसएसएचडीच्या लॉगमध्ये प्रत्येक लॉगिनला कुठली की वापरली तिचा फिंगरप्रिंट येतो, वेळ जुळवली की माणूस सापडतो. सहा जणांना एवढं पुरे. याला ही रिपॉझिटरी द्यायची आणि ती नाही, असं करायची वेळ आली की गिटोलाइट लावा, तेही पूर्ण कमांड लाइनवरचं आहे, त्याची सगळी सेटिंग एका गिट रिपॉझिटरीतच असते, तीत बदल करून पुश केलं की लागू. पण आज लावू नका, गरज पडू दे.

आता रूटची गोष्ट सांगतो, कारण यात माझा स्वतःचा एक अख्खा दिवस गेलाय.

एका ठिकाणी सर्व्हर मीच लावलेला. एकदा त्याच मशीनवर रूट म्हणून बसलो होतो, एक छोटी कॉन्फिग दुरुस्त करायची होती, म्हटलं आता कुठे लॅपटॉपवर जाऊ, तिथेच /टेम्प मध्ये क्लोन केलं, तीन ओळी बदलल्या, कमिट, आणि सरळ लोकल पाथवर पुश. झालं, विसरलो. दुसऱ्या दिवशी एकाचं पुश अडकलं, "इनसफिशियंट परमिशन फॉर अ‍ॅडिंग अ‍ॅन ऑब्जेक्ट". मी माझ्याकडून पुश करून बघितलं, गेलं. त्याला म्हटलं तुझ्याकडे काहीतरी आहे. त्याने एक स्पेस बदलून कमिट परत केलं, पुश केलं, गेलं! दुपारी तिसऱ्याचं अडकलं. म्हणजे कधी जातं कधी नाही, माणसावर अवलंबून नाही, ब्रँचवर नाही, वेळेवर नाही. नेटवर्क तपासलं, डिस्क तपासली, एसएसएच तपासलं, संध्याकाळपर्यंत मी अंधश्रद्धेच्या काठावर आलो होतो.

कारण असं. गिट छोट्या पुशमधले ऑब्जेक्ट (फाइल, फोल्डर, कमिट यांच्या नोंदी) सुटे सुटे साठवतं, शंभरपेक्षा कमी असले तर, आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या हॅशची (आतल्या मजकुरावरून काढलेली ओळख) पहिली दोन अक्षरं हे त्याच्या फोल्डरचं नाव. शून्य-शून्य पासून एफ-एफ पर्यंत, जास्तीत जास्त २५६ फोल्डर, लागतील तसे बनतात. माझ्या त्या रूटच्या पुशने तीन ऑब्जेक्ट टाकले, त्यातल्या दोन-तीन फोल्डर तेव्हा नव्हत्याच, त्या बनल्या आणि त्यांचा मालक झाला रूट. आता ज्याच्या कमिटचा हॅश नशिबाने नेमका त्या फोल्डरच्या अक्षरांनी सुरू होईल त्याचं पुश अडकणार, बाकीच्यांचं जाणार. स्पेस बदलली की हॅश बदलला, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला, चाललं. अक्षरशः लॉटरी. सापडलं कसं, तर फाइंड कमांडने:

फाइंड /एसआरव्ही/गिट/हिशोब.गिट ! -यूजर गिट

म्हणजे गिट यूजरच्या मालकीचं जे जे नाही ते दाखव. मोजक्याच ओळी आल्या. चोन (मालक बदलणारी कमांड) -आर गिट:गिट मारलं, संपलं. हल्लीच्या गिटमध्ये हाच एरर थोडा वेगळ्या शब्दांत येऊ शकतो, "अनेबल टू मायग्रेट ऑब्जेक्ट्स टू परमनंट स्टोरेज", कारण २.११ पासून पुश केलेले ऑब्जेक्ट आधी बाजूच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरतात आणि सगळं पास झालं की आत सरकवतात. शब्द वेगळे, दुखणं तेच.

तेव्हापासून माझा नियम, रिपॉझिटरीला हात लावायचा तर सुडो -यू गिट, कायम. गिट २.३५.२ पासून, एप्रिल २०२२, गिट स्वतःच दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला नाही म्हणतं, "डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप". एरर सोबत उपाय पण देतो की सेफ-डॉट-डिरेक्टरी जोडा. लोक वैतागून तिथे स्टार टाकतात, म्हणजे सगळंच सेफ. नका करू. तो एरर म्हणजे "तू चुकीच्या खात्यावरून आलायस" एवढाच निरोप आहे, खातं बदला.

रिपॉझिटरी बनवली की लगेच चार सेटिंग टाकतो, गिट कॉन्फिग ने, सर्व्हरवरच, त्या फोल्डरमध्ये. रिसीव्ह-डॉट-डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू, म्हणजे इतिहास मागून पुसणारं फोर्स पुश बंद. रिसीव्ह-डॉट-डिनायडिलीट्स ट्रू, कारण हे नाही केलं तर पहिल्याला वळसा घालता येतो, ब्रँच उडवा आणि त्याच नावाने नवीन पुश करा, झालं फोर्स पुश. (हो, यामुळे जुन्या फीचर ब्रँच पण उडवता येत नाहीत आणि टीम कुरकुर करते. मग हुकमध्ये, म्हणजे पुशच्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, फक्त मेनला संरक्षण द्या, पण ते नंतर.) तिसरं रिसीव्ह-डॉट-एफएससीकेऑब्जेक्ट्स ट्रू, येणारा प्रत्येक ऑब्जेक्ट तपासून घेतो. एक सावधानता, फार जुना इतिहास पहिल्यांदा पुश करताना हे कधीकधी एखाद्या दहा वर्षांपूर्वीच्या वाकड्या कमिटवर अडतं, तेव्हा आयात करून घ्या आणि मग चालू करा.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जवळजवळ कोणीच लावत नाही, कोअर-डॉट-लॉगऑलरेफअपडेट्स ट्रू. तुमच्या लॅपटॉपवर रिफ्लॉग असतो, काही चुकलं की ब्रँच आधी कुठे होती ते दिसतं, त्यावर आपण सगळे जगतो. बेअर रिपॉझिटरीत तो बाय डीफॉल्ट बंद असतो. म्हणजे जिथे सहा जण येऊन लिहितात तिथेच नोंद नाही. हे एक चालू करून ठेवा, काही झालं तर ब्रँच मागच्या जागी नेणं पाच मिनिटांचं काम आहे, नाहीतर गिट एफएससीके या तपासणीच्या कमांडने अनाथ कमिट शोधत आणि तारखा वाचत बसा.

हुकवर थोडंच बोलतो. पुश झालं की काहीतरी व्हावं यासाठी पोस्ट-रिसीव्ह, पुश अडवायचं तर प्री-रिसीव्ह. फाइल एक्झिक्युटेबल नसेल तर हुक चालतच नाही, आणि जुन्या गिटमध्ये चुपचाप चालत नाही, तेव्हा चमॉड +एक्स. पोस्ट-रिसीव्हमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन गिट पुल करायला गेलात तर "नॉट अ गिट रिपॉझिटरी" येतं आणि माणूस म्हणतो, अरे फोल्डर तर समोर आहे! हुक चालताना गिटडीर हे व्हेरिएबल आधीच सेट असतं, त्यामुळे सीडी केलं तरी गिट जुन्याच ठिकाणी बघतं, हुकच्या सुरुवातीला अनसेट करा. प्री-रिसीव्हमध्ये प्रत्येक ब्रँचसाठी एक ओळ स्टँडर्ड इनपुटवर येते, जुना हॅश, नवा हॅश, ब्रँचचं नाव. नवीन ब्रँच असेल तर जुना हॅश म्हणजे चाळीस शून्यं, आणि ब्रँच उडवताना नवा हॅश चाळीस शून्यं. हे दोन प्रकार हाताळले नाहीत म्हणून फुटलेले हुक मी मोजायचे सोडून दिलेत.

आता सबव्हर्जन. इथे खरोखर एक सर्व्हर प्रोग्राम लागतो, एसव्हीएनसर्व्ह, पोर्ट ३६९०. यालाही वेगळा यूजर द्या, एसव्हीएन नावाचा, आणि त्याच खात्यावरून चालवा:

एसव्हीएनसर्व्ह -डी -आर /एसआरव्ही/एसव्हीएन

-डी म्हणजे मागे डिमन म्हणून, -आर म्हणजे मूळ फोल्डर. -आर विसरलात तर चालतं, पण मग पत्त्यामध्ये सर्व्हरचा पूर्ण पाथ लिहावा लागतो आणि मशीनवरची कुठलीही सबव्हर्जन रिपॉझिटरी त्यातून शोधता येते, तेव्हा द्याच. रोज हाताने चालवू नका, सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस फाइल करा, नाहीतर मशीन रीबूट झालं की सकाळी सगळे तुमच्याकडे बघणार. सर्व्हिस फाइलमध्ये -डी सोबत --फोरग्राउंड सुद्धा जोडा, म्हणजे सिस्टमडीला प्रोसेस नीट सांभाळता येते.

रिपॉझिटरीच्या आत कॉन्फ फोल्डरमध्ये एसव्हीएनसर्व्ह.कॉन्फ असते. ती हात न लावता ठेवली तर अनोळखी माणसाला वाचता येतं आणि लिहिता कोणालाच येत नाही. अ‍ॅनन-अ‍ॅक्सेस नन करा, ऑथ-अ‍ॅक्सेस राइट, पासवर्ड-डीबी पासडब्ल्यूडी. आणि इथे एक मजेशीर खड्डा आहे ज्यात प्रत्येक जण एकदा पडतोच. फाइलमध्ये या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, पुढे हॅश आणि एक स्पेस. आपण काय करतो, हॅश काढतो, स्पेस राहते. झालं, क्लायंटला एरर, ओळ अमुक, "ऑप्शन एक्स्पेक्टेड". ओळ तर दिसायला शंभर टक्के बरोबर! पण या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला स्पेस म्हणजे मागच्या ओळीचा पुढचा भाग. ती एक स्पेस काढा.

पासडब्ल्यूडी फाइलमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, तेव्हा चमॉड ६००, आणि लोकांना सांगा की दुसरीकडे वापरता तो पासवर्ड इथे देऊ नका. डेटा पण वायरवरून उघडा जातो. म्हणून जुनी रिपॉझिटरी फक्त कधीतरी बघायला ठेवली असेल तर एसव्हीएनसर्व्हला --लिसन-होस्ट देऊन फक्त १२७.०.०.१ वर ऐकायला लावा आणि ज्याला हवी त्याने एसएसएचच्या बोगद्यातून यावं. (त्या बोगद्यासाठी स्वतःचं खातं लागेल, गिट खात्यावर आपण रिस्ट्रिक्ट लावलंय.) सबव्हर्जनचे हुक जवळजवळ रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतात, पाथ व्हेरिएबल सुद्धा नसतं, म्हणून हातून चालणारी स्क्रिप्ट हुकमध्ये मरते, प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा.

बॅकअप. रिपॉझिटरीचं फोल्डर चालू असताना नुसतं आरसिंक करणं मला आवडत नाही, नेमकं पुश चालू असेल तर ब्रँच नवीन आणि ऑब्जेक्ट अर्धे अशी कॉपी मिळू शकते. दुसऱ्या मशीनवर गिट क्लोन --मिरर करून रोज रात्री गिट रिमोट अपडेट मारतात बरेच जण, चांगलं आहे, पण यात दोन मेख आहेत. एक म्हणजे मिरर आज्ञाधारक असतो, सर्व्हरवर कोणी ब्रँचची वाट लावली की रात्री मिररवर पण तीच वाट लागते, प्रून दिलं असेल तर उडवलेली ब्रँच तिथूनही उडते. म्हणजे डिस्क मेली तर मिरर वाचवतो, माणसाची चूक झाली तर नाही. त्यासाठी मी आठवड्याला एक बंडल काढतो, गिट बंडल क्रिएट ला फाइलचं नाव आणि --ऑल, सगळा इतिहास एका फाइलमध्ये, नावात तारीख घाला, बाहेर हलवा. दुसरी मेख, मिरर आणि बंडल दोन्हीत हुक येत नाहीत, सर्व्हरवरचं कॉन्फिग येत नाही, वर टाकलेल्या त्या चार सेटिंग पण नाहीत. हुक, कॉन्फिग आणि ऑथराइज्ड-कीज फाइल वेगळी कॉपी करा. सबव्हर्जनला हे सोपं आहे, एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी चालू रिपॉझिटरीची नीट कॉपी घेतं, हुक आणि कॉन्फ सकट. एसव्हीएनअ‍ॅडमिन डंप मध्ये मात्र नुसता इतिहास असतो.

आणि बंडल काढलं म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, महिन्यातून एकदा ते बंडल रिकाम्या फोल्डरमध्ये गिट क्लोन करून बघा, क्लोन थेट फाइलवरून होतं. मला एकदा तीन महिने शून्य बाइटच्या फाइली मिळत होत्या, डिस्क भरली होती आणि क्रॉनचा मेल कोणी वाचत नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

आता तुमच्या त्या दोन दिवसांबद्दल. डिमन बंद केला ना? एसएस -एलटीएन मारा, यादीत ९४१८ दिसायला नको. रिपॉझिटरीत गिट-डिमन-एक्सपोर्ट-ओके नावाची रिकामी फाइल असेल तर तीही काढा, म्हणजे उद्या कोणी चुकून डिमन परत चालवला तरी --एक्सपोर्ट-ऑल दिल्याशिवाय ही रिपॉझिटरी बाहेर दिसणार नाही. मग फाइंडने मालकी तपासा, तो डिमन बहुतेक तुमच्या खात्यावरून किंवा रूटवरून चाललेला असणार, म्हणजे त्या दोन दिवसांतले ऑब्जेक्ट चुकीच्या मालकीचे असणार, चोन करा, नाहीतर माझ्यासारखी लॉटरी लागेल. त्या काळात सर्व्हरवर रिफ्लॉग बंद होता, तेव्हा काय काय पुश झालं त्याची नोंद तिथे मिळणार नाही, पण तुमच्याकडे सहा लॅपटॉप आहेत. प्रत्येकाला गिट फेच करायला सांगा आणि आउटपुट नीट बघायला सांगा. ज्या ओळीत सुरुवातीला अधिकचं चिन्ह आणि शेवटी "फोर्स्ड अपडेट" आलं ती ब्रँच कोणीतरी मागून बदललीय, आणि ती तुमच्या सहापैकी कोणी बदलली हे विचारा. कोणीच हो म्हणालं नाही तर त्या लॅपटॉपवरच्या रिमोट ब्रँचच्या रिफ्लॉगमध्ये आधीचा हॅश आहे, तिथून ती ब्रँच परत जागेवर पुश करा. ते फोर्स पुशच असेल, म्हणून डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स त्याच्या नंतर लावा.